किबालेच्या जंगलात चिंपांझी पाहायला जाताना

युगांडाला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती गोरिला की चिंपांझी याची. दोन्ही पाहता येतात, पण वाटा वेगळ्या आहेत. डोंगरी गोरिलांसाठी देशाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या ब्विंडी किंवा म्गाहिंगा या उद्यानांत जावं लागतं, चिंपांझींसाठी पश्चिमेला फोर्ट पोर्टल गावाजवळच्या किबाले राष्ट्रीय उद्यानात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी सांगेन, आधी किबाले करा. जुलै २०२४ पासून परदेशी पाहुण्याला गोरिलांच्या परवान्यासाठी ८०० डॉलर मोजावे लागतात, किबालेतल्या चिंपांझींसाठी २५०. ब्विंडीचे चढ दमछाक करणारे आहेत. किबाले साधारण ११०० ते १६०० मीटर उंचीवर पसरलेलं, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या उंचीचं, पण बऱ्यापैकी सपाट जंगल आहे. रोज तासभर चालणाऱ्या माणसाला झेपेल असं.

शिवाय इथे नुसत्या चिंपांझींवर भागत नाही. नरवानर गणातले १३ प्रकारचे प्राणी या एका जंगलात राहतात. सुमारे ७९५ चौरस किलोमीटरचं हे रान १९३२ साली राखीव झालं आणि १९९३ साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्यात दीडेक हजार चिंपांझी आहेत. १९७० पासून संशोधक इथे तळ ठोकून आहेत, त्यामुळे कुठला प्राणी काय खातो आणि कोण कुणाला घाबरतो याची माहिती इथल्या रेंजरना तोंडपाठ असते. त्यांना प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नका.

कधी जावं

पावसाचे दोन मोसम आहेत: मार्च ते मे, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. कोरडे दिवस म्हणायचे तर जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. पण हे वर्षावन आहे. कोरड्या महिन्यातही दुपारी आभाळ भरून येतं आणि तासभर कोसळून जातं. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचा बेत असेल तर तो तिथला पावसाळा असतो, पायवाटा निसरड्या असतात, हे मनाशी धरून जा. मला विचाराल तर दिवाळीनंतर डिसेंबरचा पहिला पंधरवडा छान. पाऊस ओसरलेला असतो, नाताळची गर्दी सुरू झालेली नसते.

चिंपांझी लवकर सापडतील की उशिरा हे पावसापेक्षा फळांवर ठरतं. एखादं मोठं झाड फळलेलं असेल तर टोळी दोन-चार दिवस त्याच्या आसपासच मुक्काम ठोकते. फळं विखुरलेली असतील तर तेही विखुरतात आणि तुमची पायपीट वाढते. हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ज्यांना परवडेल त्यांनी किबालेत दोन सकाळी राखून ठेवाव्यात.

परवाना आधी, विमानाचं तिकीट नंतर

हा क्रम उलटा केला की पंचाईत होते. चिंपांझी पाहायला दर दिवशी ठरावीकच माणसं सोडतात, सहा-सहा जणांचे गट करतात, आणि प्रत्येक गटाला चिंपांझींजवळ एकच तास मिळतो. परवाना तारखेचा असतो. तारीख चुकली की गेला. तो युगांडा वाइल्डलाइफ ऑथॉरिटी या सरकारी संस्थेकडून मिळतो. थेट काढता येतो, पण राजधानी कंपालातल्या एखाद्या सहल कंपनीकडून काढून घेणं सोपं पडतं, कारण गाडी, ड्रायव्हर आणि मुक्काम तेच बघतात. जुलै-ऑगस्टसाठी किंवा नाताळासाठी तीन-चार महिने आधी हालचाल करा.

कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. परवान्याची पावती तुमच्या पासपोर्टवरच्या नावानं आहे का? आजारी पडल्यास किती पैसे परत मिळतात? आणि वयाची अट काय? गोरिलांसाठी पंधरा वर्षं पूर्ण लागतात. चिंपांझींकडेही लहान मुलांना सोडत नाहीत, तेव्हा मुलं बरोबर असतील तर हा प्रश्न सगळ्यात आधी.

नेहमीच्या तासाभराच्या भेटीखेरीज एक दिवसभराचा प्रकारही आहे. त्यात माणसाची अजून पुरती सवय न झालेल्या टोळीमागे संशोधकांबरोबर पहाटेपासून हिंडायचं असतं. पहाटे ते घरट्यातून उठतात, संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं बांधतात (चिंपांझी रोज रात्री नवीन अंथरूण घालतो), हे सगळं पाहायला मिळतं. पण पहिल्याच खेपेला हे घेऊ नका. आठ-दहा तास रानात पाय ओढायची सवय असावी लागते.

पिवळं कार्ड

पिवळ्या तापाची लस ही या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची कागदोपत्री बाब. युगांडात शिरताना लस घेतल्याचं कार्ड दाखवावं लागतं, आणि भारतात परतताना ते इथले आरोग्य अधिकारीही मागतात. परतताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं नेमून दिलेल्या केंद्रांतच जावं लागतं. मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे, गोव्यात मुरगाव बंदराच्या पोर्ट हेल्थकडे सोय आहे. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी फोडली की थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरलेल्या दिवशी नाव नोंदवूनच बोलावतात. त्यामुळे दोन महिने हाताशी ठेवा.

जाताना मूळ पासपोर्ट न्या. कार्डावर पासपोर्टचा नंबर लिहितात, तो तिथेच टेबलापाशी उभं राहून आकडा-आकडा ताडून बघा. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. अंड्याची जोरदार ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावं. आईवडिलांना बरोबर न्यायचं असेल तर ही चौकशी परवाना काढण्याच्याही आधी करा.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. कुठल्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. घरी आलो, आता कशाला, असं म्हणून मध्येच सोडू नका.

विमान, व्हिसा, पैसे

युगांडा एअरलाइन्सनं ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई ते एंटेबी (कंपालाजवळचा विमानतळ) थेट विमान सुरू केलं. तुमच्या तारखांना ते जुळत नसेल तर नैरोबी, अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे जाता येतं. व्हिसा ऑनलाइन काढायचा. एकट्या युगांडाचा ५० डॉलरला, आणि केनिया, रवांडा धरून तिन्ही देशांचा एकत्र व्हिसा १०० डॉलरला मिळतो. अर्जाला पिवळ्या तापाचं कार्ड जोडावं लागतं, म्हणून लस त्याही आधी.

घड्याळ अडीच तास मागे करा. डॉलरच्या नोटा नव्या, स्वच्छ आणि घडी न पडलेल्या न्या. जुन्या छापाच्या नोटा घेत नाहीत, नाहीतर भाव पाडून घेतात. विजेची सॉकेटं इंग्लंडसारखी चौकोनी पिनांची आहेत, आपले प्लग बसत नाहीत. फोनसाठी पासपोर्ट दाखवून विमानतळावरच सिम घ्या. एमटीएनबरोबर आपलं ओळखीचं एअरटेलही तिथे आहे.

एंटेबीला उतरून त्याच दिवशी किबाले गाठायचा अट्टहास करू नका. कंपालाहून फोर्ट पोर्टल सुमारे ३०० किलोमीटर, पाच तास तर सहज जातात. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. फोर्ट पोर्टल जवळ आलं की चहाचे मळे सुरू होतात आणि हवा निवळ असेल तर मागे र्वेंझोरीचा डोंगर दिसतो. तिथून उद्यानाचं कान्यांचू केंद्र साधारण ३५ किलोमीटर. मुक्काम शक्यतो कान्यांचूच्या जवळ घ्या, म्हणजे सकाळची धावपळ वाचते.

बॅगेत काय

घोट्याच्या वर जाणारे, आधी घरी वापरून सैल झालेले बूट. नवे बूट घालून जंगलात जाणं म्हणजे पायाला फोड बोलावणं. पावसात जाणार असाल तर गमबूट मिळतात का ते मुक्कामाच्या जागी विचारा. लांब बाह्यांचा सुती शर्ट, जाड कापडाची लांब पँट, आणि लांब मोजे. हे मोजे पँटच्या वरून ओढून घ्यायचे. दिसायला कसंही दिसलं तरी ओढायचेच. कारण पुढे सांगतो.

लष्करी ठिपक्यांचे कपडे मुळीच नकोत. युगांडात सामान्य नागरिकानं ते घालणं बेकायदा आहे. टोपी, पॅंट, लहान मुलाचा टी-शर्ट, काहीही नाही. ड्रोनही घरीच ठेवा.

रेनकोट, पाण्याची दीड-दोन लिटरची बाटली, डासांचं मलम, मास्कचं एक पाकीट, हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर. एखादं काटेरी झुडूप हाताला लागतंच, त्यासाठी बागकामाचे साधे हातमोजे फार उपयोगी पडतात. कॅमेरा असेल तर एक लक्षात ठेवा: झाडाखाली अंधार असतो आणि चिंपांझी काळा. जास्त उजेड आत घेणारी लेन्स असेल तर ती न्या, आयएसओ बिनदिक्कत वाढवा, फ्लॅश पूर्ण बंद करून ठेवा. ट्रायपॉड निरुपयोगी आहे, उभं राहायला स्थिर जागाच मिळत नाही.

जंगलातली सकाळ

सकाळच्या फेरीसाठी साडेसातच्या सुमारास कान्यांचूला हजर राहावं लागतं. परवाना आणि पासपोर्ट दाखवायचा, मग सगळ्यांना एकत्र बसवून नियम सांगतात. आमच्यासोबत असलेली रेंजर तरुणी पहिल्यांदा एकच प्रश्न सगळ्यांना विचारत गेली: आज घसा दुखतोय का, खोकला आहे का, पोट बिघडलंय का? खरं उत्तर द्या.

रेंजरच्या खांद्यावर बंदूक असते. ती चिंपांझींसाठी नाही, या जंगलात हत्तीही आहेत आणि त्यांना दचकवून दूर करायची वेळ कधीतरी येते. तेव्हा रांग सोडून पुढे जाऊ नका.

पहिला अर्धा तास पायवाटेनं. मग रेंजर थांबते, कान देते आणि सरळ झुडपांत शिरते. तिथून पुढे वाट नसते. मुळांवर पाय ठेवू नका, ओली मुळं साबणासारखी सरकतात. पाय मुळांच्या मधल्या मातीत टाका. पुढच्यानं वाकवलेली फांदी मागे सुटून तोंडावर येते, म्हणून दोन हात अंतर ठेवा.

आणि आता ते मोजे. रेंजरनं मागे वळून "मुंग्या, पळा" एवढंच म्हटलं. खाली पाहिलं तर पायवाटेला आडवी एक काळपट ओली रेघ चकाकत होती. हाताच्या पंजाएवढी रुंद, आणि हलणारी. कडेला मोठ्या डोक्याचे शिपाई जबडे वर करून उभे, मधून हजारो लहान मुंग्या वाहत्या पाण्यासारख्या. या सफारी मुंग्या. त्यांच्या रांगेवर थांबायचं नसतं, चार ढांगा टाकून पलीकडे व्हायचं आणि पुढे जाऊन पाय झटकायचे. आमच्या गटातले एक गृहस्थ फोटो काढायला थांबले. मोजे पँटच्या आत होते. पाऊण मिनिटात त्यांना झाडामागे जाऊन पँट उतरवावी लागली, आणि जबडा एकदा रुतला की मुंगी तुटते पण सोडत नाही.

बाकी चालण्यात धोका फारसा नाही. दम लागला तर सांगा, गट थांबतो. शौचाला जायचं असेल तर रेंजरला सांगून बाजूला जायचं, हातभर खड्डा करायचा आणि तो नीट बुजवायचा. आपले आजार चिंपांझींना लागू नयेत, हेच यामागचंही कारण; त्याबद्दल पुढे सांगतो.

तो एक तास

चिंपांझी दिसायच्या आधी ऐकू येतात. आधी लांबून हळू हुंकार, मग तो वाढत वाढत जातो आणि शेवटी एकदम किंचाळ्या. त्यातच ढोल बडवल्यासारखा धम्म धम्म आवाज येतो. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी फळकुटासारखी उभी मुळं असतात, नर पळता पळता त्यावर हातापायांनी ठोकतो. तो आवाज छातीत घुमतो. रेंजर आवाजाच्या दिशेनं जवळजवळ पळतच निघते, तेव्हा कॅमेरा गळ्यात घट्ट धरा.

आम्हाला ते एका फळलेल्या झाडावर सापडले. झाड उंबराच्या कुळातलं, मुकुसो नावाचं. आपल्या उंबरासारखीच फळं थेट बुंध्याला आणि जाड फांद्यांना लगडलेली, खाली पडून फुटलेल्या फळांचा तोच आंबूस वास. औदुंबराखाली बसून वाढलेल्या माणसाला तो वास नवीन नसतो. वर सात-आठ जण होते. त्यांतला एक वयस्क नर खाली उतरला आणि आमच्यापासून दहा-बारा मीटरवर, पडलेल्या ओंडक्याला टेकून बसला. तोंडात फळांचा लगदा होता. तो खालच्या ओठाची पन्हळ करून त्यात तो लगदा पुढे सारायचा, खाली मान घालून त्याकडे बघायचा, परत आत ओढून रस चोखायचा. असं चार-पाच वेळा केल्यावर कोरडा चोथा बाजूला टाकला. ऊस खाताना आपण हेच करतो.

मग त्यानं हात गुडघ्यावर ठेवला आणि मला दिसलं की मधलं बोट अर्धंच आहे. किबालेतल्या बऱ्याच चिंपांझींच्या हातापायांवर अशा खुणा आहेत. लोक लहान हरणं आणि रानडुकरं पकडायला तारेचे फास लावतात, त्यात हे अडकतात. ताकदीनं तार तोडून सुटतात खरे, पण फास बोटाभोवती आवळलेलाच राहतो. असे फास शोधून काढणारी पथकं या जंगलात रोज फिरतात.

या तासात काय करायचं आणि काय नाही, ते एका दमात सांगतो. रेंजर सांगेल तितकं अंतर राखायचं, साधारण आठ-दहा मीटर. चिंपांझी स्वतःहून जवळ आला तर तुम्ही मागे सरायचं. मास्क नाकावर. खाणंपिणं नाही, बॅगेतून बिस्किटाचा पुडाही काढायचा नाही. शिंक आलीच तर तोंड फिरवून कोपरात. त्यांच्यासारखे आवाज काढायचे नाहीत, आपल्याला गंमत वाटते पण त्या आवाजाचा त्यांच्या लेखी अर्थ काय होतो ते आपल्याला ठाऊक नसतं. नर अंगावर धावून आल्यासारखा आला तर पळायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं किंवा झाडाला खेटायचं. तो आपल्या टोळीतल्यांना जोर दाखवत असतो, तुम्ही वाटेत आहात एवढंच. आणि चिंपांझी वर असेल तर त्याच्या बरोबर खाली उभे राहू नका, वरून काहीही पडतं.

फोटोंची एक विनंती. पहिली दहा मिनिटं कॅमेरा काढूच नका. नुसते बघा. तळहातावरच्या रेषा, नखं, पिल्लानं आईच्या पोटाला मारलेली मिठी, दोन नरांचं एकमेकांचे केस विंचरत बसणं. नंतर पन्नास मिनिटं उरतात, फोटोंना पुरेशी आहेत.

सर्दी झाली असेल तर

हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. चिंपांझीचं शरीर आपल्या इतकं जवळचं आहे की आपले श्वसनाचे आजार त्यांना थेट होतात, आणि त्यांच्या अंगी त्या आजारांशी लढायची तयारी नसते. २०१३ साली याच जंगलातल्या कान्यावारा टोळीत ५६ चिंपांझी होते. त्यातले पाच खोकून खोकून मेले. तपासात निघालं ते राइनोव्हायरस सी, म्हणजे शाळकरी मुलांना सर्रास होणाऱ्या सर्दीचा विषाणू. मग २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या सुरुवातीला एन्गोगो टोळीत माणसांतलाच दुसरा एक विषाणू, मेटान्यूमोव्हायरस, शिरला आणि २५ चिंपांझी गेले. आपल्याकडे ज्याला दोन दिवसांचा नाकगळ म्हणतात, त्यानं तिथे आया गेल्या आणि मागे पोरकी पिल्लं राहिली. चिंपांझीच्या मादीला दोन पिल्लांमध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर असतं. एवढी घट भरून यायला किती काळ जातो याचा हिशेब तुम्हीच करा.

आमच्या परवान्याच्या आदल्या संध्याकाळी बायकोला शिंका सुरू झाल्या. ताप नव्हता. धूळ असेल, असं मी म्हणालो, कारण वर्षभर पैसे साठवून आलो होतो. रात्री तिचा घसा बसला. सकाळी ती उठली, माझी बाटली भरून दिली आणि म्हणाली, "तू जा, मी नाही येत." कान्यांचूला जाऊन लपवता आलं असतं, गोळी घेतली असती तर आवाजही सुटला असता. ती गेली नाही. दुपारी मी परतलो तेव्हा ती व्हरांड्यात बसून समोरच्या झाडावरची माकडं मोजत होती, आणि मला पहिला प्रश्न तिनं विचारला तो पिल्लांबद्दल.

म्हणून प्रवासाच्या आधीचे पंधरा दिवस लग्नसमारंभ, गर्दी आणि नाक वाहणारी भाचरं यांच्यापासून जरा लांब राहा. विमानात मास्क लावा. गोवर, फ्लू, कोविडच्या लशींची विचारपूस डॉक्टरांकडे करा. आणि कार्यक्रम आखताना किबालेनंतर एक मोकळा दिवस ठेवा, म्हणजे बरं वाटलं तर रेंजरांना विचारून तारीख पुढे ढकलायचा प्रयत्न तरी करता येतो.

दुपारी बिगोडी

चिंपांझी पाहून झाले की बहुतेक लोक गाडीत बसून पुढे निघतात. तसं करू नका. कान्यांचूपासून जवळच बिगोडी गावाची पाणथळ जागा आहे. १९९२ पासून गावकऱ्यांची संस्था ती राखते, आणि पाहुण्यांच्या पैशांतून गावातली शाळा वगैरे कामं चालतात. तीन तासांची सोपी चाल, गावातलाच वाटाड्या. चिंपांझीमागे पळताना जे नीट बघता येत नाही ते इथे निवांत बघता येतं.

इथली माकडं ओळखायला थोडी मदत. तांबडी टोपी घातल्यासारखं डोकं, राखाडी पाठ, फांदीवर आरामात पसरलेले, ते तांबडे कोलोबस. हे आपल्या शेपटीवाल्या वानराचे जवळचे भाऊबंद: तसंच पाला पचवणारं पोट, तशाच लांब उड्या. फक्त कोलोबसच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतोच. चिंपांझी यांची शिकार करून खातात, म्हणून झाडावर यांची एकदम पळापळ दिसली तर कान टवकारा. काळ्या अंगावर पांढरी झालर आणि शेपटीला पांढरा झुबका असेल तर तो काळापांढरा कोलोबस. नाकावर पांढरा ठिपका आणि गंजलेल्या तांब्याच्या रंगाची शेपूट, तो लाल शेपटीचा. हा एका जागी ठरत नाही. पांढरी दाढी, काळं तोंड आणि जमिनीवरून शांतपणे चाललेला, तो ल'होएस्ट. काळाकुळकुळीत, विस्कटलेले केस आणि करडे गाल, तो मँगाबे.

रस्त्याच्या कडेला बबून बसलेले असतात. गाडीची काच खाली करून त्यांना केळं देऊ नका. आपल्या घाटांत माकडांना चणे-बिस्किटं घालून आपण त्यांना गाड्यांखाली आणलं आहे, तीच चूक तिथे नको.

अंगात जोर असेल तर रात्रीची फेरीही आहे. बॅटरीच्या उजेडात झुडपात दोन नारिंगी डोळे चमकतात, तो पोट्टो किंवा बुशबेबी, रात्री हिंडणारे छोटे नरवानर. पोट्टो इतका सावकाश हलतो की सह्याद्रीच्या दक्षिणेकडे ज्यांनी लोरिस पाहिला असेल त्यांना त्याची आठवण येईल, आणि दोघं नात्यातलेच आहेत.

खाणं आणि बोलणं

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. उकडून कुस्करलेली हिरवी केळी, म्हणजे माटोके, त्याच्यावर शेंगदाण्याची गुलाबीसर दाट आमटी. उपासाची दाण्याची आमटी आवडणाऱ्यांना ती लगेच रुचेल, तिखट मात्र नसते. घरून लसणाची चटणी न्या. रस्त्यावर रोलेक्स मिळतं: गरम चपातीत ऑम्लेट गुंडाळलेलं. चपाती हा शब्द तिथे तसाच आहे, हिंदुस्थानी लोकांनी नेलेला. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीननं नव्वद दिवसांची मुदत देऊन ज्यांना देशाबाहेर काढलं, त्या लोकांची भाकरी मागे राहिली ती अशी.

आभार मानायला "वेबाले" म्हणा. या भागातल्या तोरो लोकांत प्रत्येकाला स्वतःच्या नावाखेरीज एम्पाको असतो, ठरावीक बारा नावांपैकी एक, प्रेमानं आणि आदरानं हाक मारायचं. युनेस्कोनं २०१३ साली या प्रथेची नोंद घेतली आहे. वाटाड्याला त्याचा एम्पाको विचारा. बिगोडीतल्या आमच्या वाटाड्याचा "आतवूकी" होता, आणि त्या नावानं हाक मारल्यावर तो एकदम मोकळा होऊन बोलायला लागला, अगदी झाडांची औषधं सांगेपर्यंत. बायकोलाही त्यानं एक देऊन टाकला, "आकीकी". घरी अजून तीच हाक चालते.

परतताना

रेंजर आणि वाटाड्याला बक्षिशी हातात द्यायची पद्धत आहे, आधीच शिलिंगमध्ये सुटे करून ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी बूट ब्रशनं घासून, तळव्यातली माती काढून, वाळवूनच बॅगेत भरा. पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, मुंबईला इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाच्या टेबलावर ते लागतं. आणि मलेरियाची पुढची गोळी किती वाजता आहे ते भारतीय वेळेनुसार लिहून ठेवा.